विश्रामबागवाडा कशामुळे टिकला

पुण्यातला शनिवारवाडा पाहायला गेलेला माणूस खरं तर तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती पाहून परततो. १७३२ साली उभा राहिलेला तो वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला नाही. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात एका रात्रीत खाक झाला. आज त्याची जागासुद्धा फार थोड्यांना दाखवता येईल. त्याच रात्री बाजीरावाच्याच विश्रामबागवाड्यालाही आग लागली आणि त्याची पूर्वेकडची बाजू जळाली. हा वाडा मात्र सदाशिव पेठेत, बाजीराव रस्त्यावर अजून उभा आहे. सुरूच्या झाडासारखे निमुळते सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुलाची नक्षी, रस्त्यावर झुकलेला कोरीव सज्जा, हे सगळं फूटपाथवरून दिसतं. जळालेला भाग पुढे पुन्हा उभा केला गेला. एकाच धन्याच्या दोन वाड्यांची नशिबं एवढी वेगळी का झाली? निव्वळ दैव म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. माझ्या मते विश्रामबागवाडा टिकला तो शहराला त्याची सतत गरज पडत राहिली म्हणून.

बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे दोन लाख रुपये खर्चून हा वाडा बांधला, तो शनिवारवाड्यापासून दूर, निवांत राहण्यासाठी. ती निवांतता फार टिकली नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२१ मध्ये वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्यातला काही पैसा इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार या पाठशाळेकडे वळवण्यात आला. तीच पुढे पूना कॉलेज आणि नंतर डेक्कन कॉलेज झाली. कॉलेज दुसरीकडे गेल्यावरही वाडा रिकामा राहिला नाही: सरकारी शाळा, नगरपालिकेची कचेरी, टपाल कार्यालय अशी बिऱ्हाडं येत गेली. अलीकडे महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाढीचं प्रदर्शन तिथे मांडलं. ही यादी शोभिवंत नाही. पण या वापरांमुळे छप्पर गळू लागलं की तक्रार करणारं कुणीतरी आत असायचं.

लाकडी वाड्याच्या बाबतीत ही तक्रार फार मोलाची असते. असा वाडा उभा असतो तो सागाच्या खांब-तुळयांच्या सांगाड्यावर. विटा, माती आणि चुना मधली जागा भरतात. त्याचा मोठा शत्रू पाणी. एखादं कौल सरकतं, पन्हळ तुंबते आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ओलं राहू लागतं. बाहेरून काही दिसत नाही. ते टोक आतून कुजतं, वाळवी येते आणि काही पावसाळ्यांनी मजला एका बाजूला बसतो. खिडक्या रोज उघडल्या, केर काढला, माळ्यावर कुणी चढलं, तर ओल पहिल्याच पावसाळ्यात लक्षात येते. कुलूपबंद वाड्यात ती लक्षात येते तेव्हा तुळई बदलण्यावाचून इलाज उरत नाही, आणि तसा साग आता सहज मिळत नाही.

वापरानेच तर वाडे बिघडतात, हा यावरचा आक्षेप खरा आहे. कचेऱ्यांनी चौकांच्या पडव्यांत प्लायवूडच्या भिंती घालाव्यात, कोरीव लाकडावर ऑइलपेंट चढवावा, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून तिची ओल आतच कोंडावी, उघड्या वायरी लाकडावरून न्याव्यात, हे जुन्या इमारतींत सर्रास घडतं. भिडेवाड्याचं उदाहरण याहून बोचरं आहे. बुधवार पेठेतल्या ज्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याच्या दर्शनी बाजूला दुकानं चालू होती, म्हणजे वापर होताच. तरीही मागचा वाडा ढासळत गेला, वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२३ च्या अखेरीस स्मारकासाठी उरलेली वास्तू पाडावी लागली. पेठांतल्या शेकडो खासगी वाड्यांची गत फार निराळी नाही. भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं भाडं, एका मालमत्ता पत्रकावर मावू नयेत इतके वारस, कौल बदलायला कुणाच्याच हाती पैसा नाही. म्हणून नुसता वापर पुरत नाही. मालकी सार्वजनिक हवी, दुरुस्तीची जबाबदारी एका ठिकाणी हवी आणि वापर असा हवा की ज्यासाठी वाडा वाडा म्हणूनच लागावा. चौकात गाणं, पडवीत चित्रं, दिवाणखान्यात व्याख्यान याला भिंत पाडावी लागत नाही. कचेरीला लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळू नये. ढासळत्या पेशवाईतल्या एका विलासी पेशव्याचं घर सार्वजनिक पैशाने का जपायचं? पाठशाळेतही आरंभी प्रवेश होता तो ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच. हे सांगितल्याशिवाय या वाड्याचा इतिहास सांगूच नये. पण पुढचाही सांगावा. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा यासाठी लोकहितवादींसारख्यांनी केलेली धडपड ज्या विद्येच्या कारभाराशी होती, त्याचं ठाणं हा वाडा होता. आणि १८५२ च्या नोव्हेंबरात मुलींच्या व शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाच्या कामासाठी जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे मेजर कँडींच्या हस्ते शालजोडी देऊन सत्कार झाला, तो याच वाड्यात. ज्या छपराखाली कालपर्यंत एकाच जातीला शिकता येत होतं, तिथे सर्वांसाठी शाळा काढणारा माणूस सन्मानाने उभा राहिला. भिडेवाडा गेल्यावर तर त्या झगड्याची साक्ष देणारी अशी मूळ लाकूड-विटांची वास्तू अधिकच जपली पाहिजे. विश्रामबागवाडा पाडला, तर बाजीरावाचं काही जाणार नाही; हा पुरावा तेवढा जाईल.

राहिला खर्चाचा प्रश्न. तेवढ्या पैशात नवं, वातानुकूलित सभागृह होईल, असं म्हणतात. होईलही. पण नवं सभागृह मोठ्या कार्यक्रमांच्या सोयीचं असतं. पेठेतल्या भजनी मंडळाला, नाटकाची तालीम करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना, मोडी शिकवणाऱ्या वर्गाला लागतं ते लहान, स्वस्त आणि चालत जाता येईल असं ठिकाण. वाड्याचे खण आणि चौक त्या मापाचे आहेत. महापालिकेने त्यासाठी ठरवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसं चढतील याची मर्यादा, मंडप ठोकायला लाकडात खिळा मारण्यास बंदी, दर पावसाळ्याआधी कौलं आणि पन्हळी तपासण्याचा बांधलेला खर्च, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला आत येता येईल अशी वेळ. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तिची सुरुवात याच वर्षी करता येईल.