पायी चालून येणारी धाड

पावसाळ्यात रात्री दिव्यापाशी येऊन बसणारा हिरवा नाकतोडा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या मिशा एकदा नीट पाहा. त्या दोऱ्यासारख्या बारीक आणि शरीराहून लांब असतील, तर तो टोळाच्या नव्हे, रातकिड्याच्या जवळचा. त्याच्याच कुळातला एक किडा पश्चिम अमेरिकेत गव्हाची उभी शेते फस्त करतो. त्याचे नाव 'मॉर्मन क्रिकेट'. मॉर्मन पंथाचे लोक इ. स. १८४७ मध्ये यूटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्तीला आले आणि १८४८ साली या किड्यांनी त्यांचे पीक गाठले. त्यावरून हे नाव पडले.

गंमत अशी, की या किड्याला उडताच येत नाही. पंख अगदी आखूड. नर त्यांचा उपयोग गाण्यापुरता करतो. तरीही त्यांची प्रचंड फौज दिवसाला दीड-दोन किलोमीटर चालते. मी भौतिकशास्त्र शिकवणारा. गती बदललेली दिसली की बल शोधायचे, ही माझी खोड. इथे यांना ढकलणारे बल कोणते?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा फौजेपुढे निरनिराळे खाद्य मांडले होते. किडे प्रथिनांवर आणि मिठावर तुटून पडले. पिष्टमय पदार्थांची त्यांना फारशी ओढ नव्हती. प्रथिने मिळालेले किडे चालायचेही कमी. आता सांगा, माळरानावर प्रथिने आणि मीठ सर्वांत जवळ कुठे मिळणार? शेजारच्या भाऊबंदात! जो थांबतो, त्याला मागचा खातो. मग फौज सोडून पळावे, तर तेही धोक्याचे. काही किड्यांच्या अंगावर चिमुकले रेडिओ-प्रेषक चिकटवून त्यांना दूर सोडले, तेव्हा दोन दिवसांत निम्मे तरी भक्षकांच्या पोटात गेले. फौजेतले मात्र सुखरूप राहिले.

हा किडा चालत येतो, म्हणूनच त्याला वाटेत अडवता येते. पूर्वी शेताभोवती गुळगुळीत पत्र्याचे वीतभर उंच कुंपण घालीत. त्यावर त्याला चढता येत नसे. आता गव्हाच्या कोंड्यात कार्बारिल हे कीटकनाशक मिसळून ते आमिष त्याच्या वाटेवर पसरतात. मधमाशी कोंडा खात नाही, त्यामुळे फवारणीपेक्षा हे तिला कमी घातक.

दुसरे औषध डायफ्लुबेन्झुरॉन. ते कीटकाच्या नव्या कातडीतले कायटिन नीट बनू देत नाही, म्हणून कात टाकताना पिल्लू मरते. पण पूर्ण वाढलेला किडा कात टाकत नाही. त्याच्यावर हे औषध वाया जाते. वर्षाला पिढी एकच. मादी अंडी जमिनीत घालते, हिवाळा ती तिथेच काढतात आणि वसंतात माळावर पिल्ले बाहेर पडतात. शेतकऱ्याच्या हाती असतात ते पुढचे थोडे आठवडे, आणि तेव्हा धाड अजून त्याच्या बांधापासून कितीतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या कुरणात असते.