कंबर धरून आलेला माणूस

सकाळी 8. वॉर्डाची फेरी. रात्री लघवी तुंबून आलेल्या आजोबांना नळी घातलीय, पोट मऊ झालंय. बरं वाटताच ते घरी निघालेत. पीएसए या रक्ततपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणून त्यांच्या नातवाला समजावतो.

9 वाजता ओपीडी. आमचं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1974 साली सुरू झालं. केज, धारूर, परळीकडची माणसं पहिल्या एसटीनं येऊन केसपेपरच्या रांगेत लागतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा पेशंट इथं बहुधा कंबर धरून येतो. सारी उमर ऊसतोडीत गेलेली. मोळ्या वाहून कंबर गेली, असं तोही धरून चालतो आणि घरचेही. कॅन्सर हाडात उतरलाय हे कळेपर्यंत एखादा हंगाम गोळ्यांवरच निघतो. म्हणून साठीपुढच्या कंबरदुखीला माझा पहिला प्रश्न ठरलेला: “बाबा, रात्री लघवीला किती वेळा उठता?” मग पडद्याआड गुदद्वारातून बोटानं तपासणी. मिनिटभराचं काम, संकोचापायी ते टाळणं मला अक्षम्य वाटतं. ग्रंथी टणक, गाठाळ लागली की पीएसए, बायोप्सी.

आजार ग्रंथीपुरताच असेल तर मी चिठ्ठी देऊन मुंबईला टाटा मेमोरियलला पाठवतो. तिथं ग्रंथी काढता येते, रेडिएशन देता येतं. पण अशी वेळेत आलेली माणसं थोडी.

12.30. आज ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांच्याशी बोलायला मी मुद्दाम वेळ राखून ठेवलाय. बायोप्सीत कॅन्सर, मणक्यात डाग. या कॅन्सरला पुरुषी संप्रेरक खतपाणी घालतं. ते थांबवायला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच दोन्ही वृषणं काढणं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा कोयता कारखान्यावर जातो तो पाडव्याच्या आगेमागे परततो. मुकादमाची उचल अंगावर असताना इंजेक्शनच्या तारखा कोण पाळणार?

“म्हंजी बैल बडवित्यात तसं का, सायेब?”

“तसंच बाबा. पण भूल देऊन, आणि तुमचं दुखणं थांबावं म्हणून.”

अंगातून गरम वाफा येतील, इच्छा राहणार नाही, हाडं ठिसूळ होतील, पुढं कधीतरी आजार पुन्हा डोकं वर काढेल, हे सगळं त्यांच्या बायकोसमोर सांगतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 साली याच जिल्ह्यातून विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. इथं अवयव काढायचं बोलताना घाई करण्याचा अधिकार कुठल्याच डॉक्टरला नाही. त्यांचा पोरगा कर्नाटकातल्या फडावर. त्याला फोन लावतो. संमतीचा अंगठा त्यानंतर.

2.30. मायनर ओटी. जागेवर भूल, लहानसा छेद, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. टाके घालताना मी रेसिडेंटना चार्ल्स हगिन्सची गोष्ट सांगतो. शिकागो विद्यापीठातला हा सर्जन कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करत होता. कुत्र्यालाही म्हातारपणी या ग्रंथीचा त्रास होतो. 1941 साली त्यानं सहकारी क्लॅरेन्स हॉजेससोबत दाखवून दिलं, की वृषणं काढली की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. कॅन्सरची वाढ संप्रेरकावर अवलंबून असू शकते, हे तेव्हा सिद्ध झालं. टाटा मेमोरियल उघडलं तेही त्याच वर्षी. हगिन्सला नोबेल मिळालं 1966 साली. 1982 मध्ये पॅट्रिक वॉल्शनं मज्जातंतू वाचवून ग्रंथी काढायची रीत बसवली, पुढं रोबो आला. ते सगळं मोलाचंच. पण उशिरा आलेल्या, हंगामाला बांधलेल्या माणसाला माझ्या हातून देता येतं ते हगिन्सचंच, आणि ते दुय्यम आहे असं मला मुळीच वाटत नाही. रक्तातलं संप्रेरक काही तासांत उतरतं. कित्येकांचं हाडाचं दुखणं काही दिवसांत हलकं होतं.

5 वाजता सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर रेशन कार्डाची खटपट.

रात्री 9. कॅज्युअल्टीतून फोन. वडवणीकडचा माणूस, दोन दिवसांपासून पायातला जोर गेलाय, लघवी बंद, पीएसए शेकड्यात. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबतेय. स्टेरॉइड सुरू करायला सांगतो, रेडिएशनसाठी पुढं पाठवायची ॲम्ब्युलन्स पहाटेची ठरवतो. वृषणं मात्र आजच काढायची. चप्पल घालतो आणि नातेवाइकांना माझ्या येण्यापर्यंत थांबवून ठेवा म्हणतो. बोलणं मला स्वतःलाच करायचंय.