खोपटं गरम आहे, पण कासव?

समजा तुम्ही डेन्व्हरला राहता आणि तुमच्या मागच्या अंगणात ४० किलोचं कासव आहे. जानेवारीत तिथे रात्री सरासरी उणे ८ अंशांपर्यंत पारा उतरतो. तुम्ही कासवासाठी लाकडी खोपटं बांधलंय, आत हीटर आहे, थर्मोस्टॅट आहे, आणि मोबाइलवर आकडा दिसतोय : २७ अंश सेल्सियस. प्रश्न एवढाच, हे २७ अंश नेमके कुणाचे?

हा प्रश्न मी निवडलाय कारण संशोधनाची तयारी करणाऱ्याला जे शिकायचं असतं त्यातलं बरंचसं या एका खोपट्यात सापडतं. शिवाय यात खोटं खोटं काही नाही. अमेरिकेत हजारो घरांत ही कासवं आहेत, आणि आकडा चुकीचा वाचला तर प्राणी आजारी पडतो किंवा मरतो.

आधी कासवाची ओळख. याचं नाव सुल्काटा, शास्त्रीय नाव सेंट्रोकेलिस सुल्काटा. मूळ घर साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेचा सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतचा कोरडा पट्टा. गालापागोस आणि अल्डाब्राची कासवं सोडली तर जमिनीवरचं सगळ्यात मोठं कासव हेच. पिल्लू तळहातावर मावतं, म्हणून विकलंही जातं पटकन. दहा-पंधरा वर्षांनी ते दिवाणखान्यात मावत नाही, कुंपण ढकलून वाकवतं, आणि मग त्याला बाहेर ठेवण्याशिवाय गत्यंतर नसतं. (आपल्याकडे कुणाला हौस आली असेल तर : चांदणी कासवासारखी देशी कासवं पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. हा लेख कासव पाळा असं सांगायला लिहिलेला नाही.)

"कासव थंडीत झोपून राहतं की" असं कुणीतरी म्हणतंच. भूमध्य समुद्राच्या आसपासची कासवं झोपतात, त्यांच्याकडे हिवाळ्याची तशी सोय आहे. सुल्काटाकडे नाही. साहेलमध्ये असा हिवाळाच नसतो. त्याला थंडी लागली की पचन मंदावतं, खाल्लेलं आतड्यात तसंच पडून राहतं, प्रतिकारशक्ती घटते, आणि थंड-ओलसर जागेत राहिलं तर फुप्फुसांचे आजार होतात. म्हणून खोपटं लागतं.

आता कागद-पेन घ्या. २ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ०.६ मीटर उंच खोपटं. सहाही बाजू धरल्या तर पृष्ठफळ ८.६४ चौरस मीटर. आत २७, बाहेर उणे ८, म्हणजे फरक ३५ अंशांचा. नुसत्या १८ मिलिमीटर प्लायवूडच्या भिंती असतील तर भिंतींतून जवळजवळ ९७० वॅट उष्णता बाहेर जाते. त्याच प्लायला ५ सेंटिमीटर जाडीची फोमची शीट लावली की हाच आकडा १५० वॅटच्या आसपास येतो. इथपर्यंत सगळे खूश असतात.

पण कासवाला दार लागतं. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, आपल्याकडे कोल्ड स्टोरेजला असतो तसा. खोपट्यातली हवा आहे फक्त १.४४ घनमीटर. ती तासाला एकदा बदलली तर साधारण १७ वॅट जातात, दहादा बदलली तर १६५ च्या वर. म्हणजे पडदा ढिला असेल, वारा सुटला असेल, तर एकटं दार सहा भिंतींइतकी उष्णता घालवतं. भिंतीचा फोम ५ वरून १० सेंटिमीटर करण्यात पैसे घालण्यापेक्षा दाराला दुसरा पडदा लावणं केव्हाही शहाणपणाचं. कुठल्या घटकाकडे आधी बघायचं हे असं पाच मिनिटांच्या हिशोबातून कळतं. प्रयोग मांडायच्या आधी हा हिशोब न करणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत.

बाहेरची हवा आत आली की आणखी एक गोष्ट घडते. उणे ८ अंशांची हवा बाष्पाने अगदी भरलेली असली, तरी तिच्यात बाष्प असतं अगदी थोडं. तीच हवा २७ अंशांना तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ९ टक्क्यांच्या आसपास उतरते. वाळवंटालाही लाजवेल असा कोरडेपणा! सुल्काटा कोरड्या प्रदेशातलं असलं तरी ते दिवसाचा बराच वेळ बिळात घालवतं, आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. व्हिएन्नाच्या वीसनर आणि इबेन यांनी २००३ मध्ये सुल्काटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कवचावर उंचवटे येण्यामागे त्यांना आहारातल्या प्रथिनांपेक्षा आर्द्रतेचा वाटा मोठा दिसला. पाळणारे लोक तो अभ्यास सर्रास मोठ्या कासवांसाठी वापरतात. इथे थांबा. अभ्यास पिल्लांवरचा आहे, झपाट्याने वाढणाऱ्या कवचावरचा. ४० किलोच्या प्रौढ कासवाच्या कवचाबद्दल त्यातून थेट काही निघत नाही. खोपट्यात पाण्याचं भांडं आणि ओलसर माती ठेवणं बरंच, फक्त त्याचं कारण देताना तो अभ्यास पुढे करू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. मोबाइलवरचे २७ अंश हे सेन्सरचं तापमान आहे. सेन्सर बहुतेक वेळा छताजवळ अडकवलेला असतो, कारण खाली ठेवला तर कासव तो चिरडतं. गरम हवा वर, कासव खाली, जमिनीला पोट टेकून. पण जागेपेक्षा मोठा घोळ वेळेचा आहे.

४० किलोच्या कासवाचं तापमान १ अंशाने बदलायला सुमारे १३५ किलोज्यूल लागतात. त्याचं पृष्ठफळ ढोबळमानाने १ चौरस मीटर, आणि स्थिर हवेत दर अंश फरकाला साधारण १० वॅट उष्णता आत-बाहेर होते असं धरा. भागाकार केला की कालांक येतो जवळजवळ ४ तास. रात्री वीज गेली, खोपटं १० अंशांवर उतरलं आणि ६ तास तिथेच राहिलं, तर कासव १४ अंशांच्या आसपास पोचेल. पहाटे ६ ला वीज आली. अर्ध्या तासात सेन्सर पुन्हा २७ दाखवतो. मालक उठतो, मोबाइल बघतो, निश्चिंत होतो. कासवाला २५ अंशांपर्यंत यायला दुपारचे दीड-दोन वाजतात.

यातही मी एक सूट घेतली आहे, ती तुम्ही पकडायला हवी होती. सगळ्या कासवाचं तापमान एकाच वेळी सारखं बदलतं असं मी धरलं. हे धरता येतं का, हे बघायला बायो संख्या काढतात. ती ०.१ पेक्षा कमी असावी लागते, इथे ती ०.८ च्या घरात येते. म्हणजे कवच आधी तापणार आणि गाभा त्याहून उशिरा. खरी परिस्थिती वरच्या हिशोबापेक्षा वाईटच.

हाच घोळ संशोधकांनीही घातला होता. १९४४ मध्ये काउल्स आणि बोगर्ट यांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तापमानाचा गाजलेला अभ्यास केला. त्यानंतर सरडे पकडायचे, तापमान मोजायचं, आकडे एका पट्ट्यात आले की "हा प्राणी तापमान नियंत्रित करतो" असं लिहायचं, अशी रीतच पडली. १९६४ मध्ये जेम्स हीथ यांनी बिअरचे डबे पाण्याने भरून उन्हात ठेवले आणि त्यांचं तापमान मोजलं. डब्यांचे आकडेही तसेच पट्ट्यात आले. आता बिअरचा डबा काही ऊन-सावली निवडत नाही! निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला, आणि प्राणी काहीच करत नसता तर आकडे कसे दिसले असते, हे आधी दाखवणं भाग पडलं. पुढे १९९३ मध्ये हर्ट्झ, ह्यूई आणि स्टीव्हन्सन यांनी तीन गोष्टी वेगळ्या मोजायला सांगितल्या : प्राण्याचं स्वतःचं तापमान, त्या जागेत निर्जीव प्रतिकृतीला मिळतं ते तापमान, आणि मोकळीक दिली तर प्राणी निवडतो ते तापमान. त्या निबंधाचं शीर्षकच गैरलागू प्रश्नाबद्दल आहे. शून्य गृहीतक पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नसेल तर हे दोन निबंध वाचा.

"थंडी वाजली की येईलच ते आत", या सर्वात धोकादायक समजुतीचं उत्तरही यातच आहे. साहेलमध्ये सुल्काटा ऊन-थंडी चुकवायला कित्येक मीटर लांब बीळ खणतं. काही मीटर खोलीवर मातीचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिर असतं. साहेलमध्ये ती सरासरी २८ अंशांच्या आसपास, म्हणजे बीळ नेहमीच सोयीचं. डेन्व्हरमध्ये ती सरासरी १० अंशांच्या आसपास. कासव तिथेही खणतंच, कारण खणणं त्याच्या अंगात आहे. फरक इतकाच की इथलं बीळ म्हणजे फ्रीज. आत शिरलं, गार झालं, स्नायू मंदावले, की बाहेर येण्याइतकी ताकदच उरत नाही. आणि ४० किलोचं कासव बिळातून ओढून काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं खोदकाम. म्हणून अनुभवी लोक कासवाच्या निवडीवर विसंबत नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत त्याला खोपट्यात घालून दार बंद करतात आणि अंगणातली बिळं हिवाळ्यापूर्वी बुजवतात.

हीटर कुठला, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला त्यात फार रस नाही. तेल भरलेला रेडिएटर मजबूत जाळीमागे ठेवला की काम होतं. वरून टांगलेला प्रखर दिवा मात्र नको. उंच कवचाचा माथा दिव्याच्या जवळ जाऊन भाजतो आणि पोट गारच राहतं, शिवाय खाली सुका चारा असेल तर आगीची भीती.

मोजायचं असेल तर हीथ यांचा डबाच वापरा. पाण्याचा ३० लिटरचा बंद कॅन खोपट्यात जमिनीवर ठेवा, सेन्सर कॅनच्या आत पाण्यात सोडा. ३० लिटर पाण्याची उष्णताधारकता ४० किलोच्या कासवाच्या जवळपास येते. आकार वेगळा, कवच नाही, पाणी आतल्या आत फिरतं, त्यामुळे हुबेहूब नाही, पण छताजवळच्या सेन्सरपेक्षा कितीतरी जवळचं. जोडीला कासवाच्या कवचाच्या बाजूवर आणि पोटाकडच्या भागावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. आठवडाभराचे आलेख एकाखाली एक काढा : हवा, कॅन, कवच. वीज गेलेली एखादी रात्र त्यात सापडली तर हवेची रेघ सकाळी लगेच वर आलेली दिसेल आणि कॅनची दुपारपर्यंत चढत असलेली. त्या दिवशी सकाळी कासवाला खायला घालायचं की दुपारपर्यंत थांबायचं, हे कॅनची रेघ बघून ठरवा.