आठ घरांत न मावणारी वेलांटी

'मूर्तींना' हा वेरूळ-अजिंठ्याच्या वर्णनात हमखास येणारा साधा शब्द. तो जुन्या व्हिडिओ गेमच्या ठोकळेबाज पिक्सेल-अक्षरांत लिहू गेले, की अडचण कळते. 1980च्या दशकातल्या आर्केड गेममध्ये एका अक्षराला सहसा आठ बाय आठ, म्हणजे 64 घरे मिळत. रोमन कॅपिटल अक्षर तेवढ्यात ऐसपैस बसते. देवनागरीचा हिशेब मांडून पाहा: शिरोरेषेला एक रांग, वर वेलांटी-रफार-अनुस्वाराला किमान दोन, खाली ऊकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन, आणि त्या तिनांत घ आणि ध वेगळे ओळखू आले पाहिजेत! म्हणून मराठी पिक्सेल फॉन्ट करताना अक्षराला कात्री लावण्याआधी चौकटच बदलायला हवी, असे माझे म्हणणे आहे. आठाची चौकट हा काही पिक्सेलचा धर्म नव्हे. ती रोमन लिपीची सोय होती.

जपान्यांनी हे वेळीच ओळखले. 1983च्या फॅमिकॉम यंत्रावरही आठाचीच चौकट होती. 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन बारीक रेघा तीत मावेनात, तेव्हा अनेक गेममध्ये त्या वरच्या स्वतंत्र चौकटीत गेल्या. आपल्या वेलांटीलाही असेच वरचे घर देता येते. त्याची किंमत मात्र होती. आयबीएमच्या सीजीए पडद्यावर 200 रांगा. आठाच्या अक्षरांत 25 ओळी मावत, सोळाच्या अक्षरांत जेमतेम 12. आज ती टंचाई नाही. मग गुळगुळीत फॉन्टच का वापरू नयेत? बातमीसाठी जरूर वापरावेत. पण ठिपक्यांनी रंगवलेल्या गेममध्ये ते पैठणीला छापील काठ जोडल्यासारखे दिसतात.

ही उपमा उगाच सुचलेली नाही. पैठणीवरचा बांगडीमोरही ताण्याबाण्याच्या घरांतच घडतो. जवळून पाहिले तर त्याच्या मानेची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची असते. मोर वाचावा लागत नाही, अक्षर वाचावे लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. तुलना फक्त एवढ्यापुरती, की तिथे किती धागे लागणार हे नक्षी ठरवते; आधी धागे ठरवून मोराची मान छाटत नाहीत.

गुजरातीसारखी शिरोरेषाच टाकावी, हा दुसरा उपाय. त्याने वाचते फक्त एक रांग. वेलांटी आणि ऊकार आहेत तिथेच राहतात. उलट ध आणि भ यांच्या माथ्यावरचा खंड जातो, आणि लहान आकारात घ-ध, म-भ ओळखायला तोच सर्वांत भरवशाचा.

सोळा रांगा दिल्या की काम संपले, असेही नाही. 1998 साली रोमान चिबोरा यांनी सुरू केलेल्या युनिफॉन्टमध्ये सोळा रांगांची देवनागरी आहे. पण तो सुट्या वर्णांचा संग्रह. जोडाक्षरांची स्वतंत्र चित्रे त्यात नाहीत. मराठीत एकटा र घ्या: अर्क, चक्र, राष्ट्र, दऱ्या. चौथे रूप हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये अनेकदा विसरले जाते, आणि ठिपक्यांत काढायलाही तेच सर्वांत अवघड.