कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेतीचा नेमका सल्ला कसा मिळवावा?

पिकाविषयी शंका आली की पूर्वी कृषी विद्यापीठास पत्र लिहावे लागे. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि दूरध्वनीवर सल्ला मिळू लागला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मदतनीस मोबाईलवर आले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये महाविस्तार हे ॲप सुरू केले. असे मदतनीस मराठीत विचारलेल्या प्रश्नाला क्षणात उत्तर देतात. परंतु उत्तर मोघम येते, आपल्या शेताला लागू पडत नाही, अशी अनेक शेतकरी बंधूंची तक्रार असते. याचे कारण बहुधा प्रश्नातच असते.

अपुरा प्रश्न, अपुरे उत्तर

समजा, पनवेलजवळच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याने सप्टेंबरमध्ये विचारले, "भात पिवळे पडले आहे, काय करू?" यावर "नत्राची कमतरता असावी, युरिया द्यावा" असे उत्तर येण्याची शक्यता अधिक. मदतनीसाने आपले शेत पाहिलेले नसते. वाचलेल्या असंख्य मजकुरांवरून तो सर्वसाधारण शेताचे उत्तर जुळवतो. माहिती अपुरी असली तरी तो उत्तर देतो, आणि तेही ठामपणे.

भात पिवळे पडण्याची कारणे मात्र अनेक आहेत. नत्र कमी पडल्यास जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात. जस्ताच्या कमतरतेमुळे पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात. क्षार वाढल्यास पानांचे शेंडे पांढरे पडून वाळतात आणि शेतात ठिकठिकाणी पीक खुरटते. पावसाने उघडीप दिली की खारजमिनीत क्षार पुन्हा वर येतात. अशा वेळी युरिया टाकल्यास खताचा पैसा वाया जातो आणि खारे पाणी काढून गोडे पाणी भरण्याचे मोलाचे दिवसही हातचे जातात.

प्रश्नात काय सांगावे?

१) गाव, तालुका आणि जमिनीचा प्रकार. खारजमीन असल्यास तसे स्पष्ट लिहावे. माती परीक्षण केले असल्यास सामू व विद्युत वाहकता द्यावी. वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असलेली जमीन क्षारयुक्त समजली जाते.
२) पिकाची जात, लावणीची तारीख आणि सध्याची अवस्था.
३) लक्षण कोणत्या पानांवर आहे, कोठून सुरू झाले, सगळ्या शेतात आहे की ठराविक जागी.
४) आतापर्यंत दिलेली खते व औषधे, त्यांचे प्रमाण व तारीख.
५) पाऊस, शेतातील पाणी, बांध व उघाडीची स्थिती.
६) क्षेत्र गुंठ्यांत, आणि उत्तर कोणत्या मापात हवे ते.

नमुना प्रश्न

"पनवेल तालुक्यात खाडीलगत १५ गुंठे खारजमीन आहे. पनवेल-३ जातीची लावणी १५ जुलैला केली. दहा दिवस पाऊस नाही. उघाडीजवळच्या भागात पानांचे शेंडे पांढरे होऊन वाळत आहेत, उरलेले पीक हिरवे आहे. युरियाचा दुसरा हप्ता तीन आठवड्यांपूर्वी दिला. संभाव्य कारणे क्रमाने सांगा. प्रत्येक कारण शेतात कसे ओळखावे ते सांगा. खात्री नसेल तर आधी मला प्रश्न विचारा."

या प्रश्नातील शेवटची तीन वाक्ये विशेष महत्त्वाची आहेत. त्यांमुळे मदतनीस एकदम औषधावर न जाता निदानाकडे वळतो. पहिल्या उत्तरावर न थांबता शेतात जाऊन पाहावे आणि जे दिसले ते पुन्हा कळवावे.

उत्तर पडताळून घ्यावे

मापांची चूक सहज होते. हेक्टरी ४० किलो नत्र द्यायचे असल्यास, युरियात ४६ टक्के नत्र असल्याने, सुमारे ८७ किलो युरिया लागतो. म्हणजे गुंठ्याला सुमारे ८७० ग्रॅम आणि १५ गुंठ्यांना १३ किलो. हेच ८७ किलो एकरी समजल्यास १५ गुंठ्यांत साडेबत्तीस किलो पडेल, म्हणजे जवळजवळ अडीच पट! म्हणून हिशेब पायरीपायरीने मागावा व स्वतः करून पाहावा.

दुसरी दक्षता औषधांची. जुन्या पुस्तिकांत भाताच्या खोडकिडीसाठी फोरेट सुचवलेले आढळते, परंतु या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. मदतनीसाने जुनाही मजकूर वाचलेला असल्याने अशी शिफारस उत्तरात येऊ शकते. औषधाचे नाव व मात्रा डब्यावरील लेबलशी ताडून पाहिल्याशिवाय फवारणी करू नये.

शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. खारजमिनीच्या शेतकऱ्यांनी कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राशी संपर्क साधावा. तेथे जातानाही वरील सहा मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. शास्त्रज्ञालाही नेमका सल्ला देण्यासाठी हीच माहिती लागते.