भाड्याच्या घरातला पत्ता

माझ्या लहानपणी आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर एकच पत्ता असे: मुक्काम पोस्ट केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि पत्त्याची शेवटची ओळ बदलली. मुंबईच्या आत्याला मात्र हा बदल कधी पटलाच नाही. ती अखेरपर्यंत ‘जिल्हा औरंगाबाद’च लिहीत राहिली आणि तिची कार्डे बिनचूक पोहोचत राहिली. कारण खाली पिनकोड असे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून हे सहा आकडे देशभर सुरू झाले. जिल्हा कोणताही लिहा, आकडे बरोबर असले की कार्ड घरी.

इंटरनेटवरचा पत्ता इतका समजूतदार नसतो, हे मला साठी उलटल्यावर कळले.

बँकेत असताना शहरातल्या घरी इंटरनेट घेतले, तेव्हा त्या कंपनीने एक ई-मेलचा पत्ता फुकट दिला. मी हरखलो. दोन कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर तो छापला, विमा आणि पेन्शनच्या कागदांवर लिहिला. निवृत्तीनंतर गावी आलो. इथे त्या कंपनीची सेवा नव्हती, म्हणून दुसरे कनेक्शन घेतले आणि जुने बंद केले. महिनाभरात जुन्या पत्त्याला कुलूप लागले.

मग एके दिवशी अमेरिकेतून फोन आला. वर्गमित्राची पत्नी बोलत होती. ‘‘भाऊजी, तुमचा पत्ता बदलला का? ऑपरेशनच्या आधी त्यांनी तुम्हाला दोनदा पत्र पाठवलं. दोन्ही परत आली.’’ मित्र ऑपरेशननंतर उठला नव्हता.

बँकेत खाते बंद करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत असे, ‘‘दिलेले सगळे चेक वटले का?’’ स्वतःच्या बाबतीत तेवढे विचारायचे राहून गेले.

चूक समजून घेऊ. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी नाव आणि संगणक यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घातले. चिन्हाच्या अलीकडे आपण, पलीकडे घरमालक. पलीकडे इंटरनेट कंपनीचे नाव असेल, तर आपण भाडेकरू. मोबाइलचा नंबर २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलून कायम ठेवता येतो. ई-मेलचे तसे नाही, कारण कंपनीचे नाव पत्त्यातच गोवलेले असते. फ्रान्समध्ये कनेक्शन सोडल्यावरही सहा महिने जुनी पेटी उघडी ठेवण्याचे बंधन आहे. आपण आपलीच काळजी घेतलेली बरी.

सोपा उपाय म्हणजे इंटरनेट कंपनीशी संबंध नसलेला पत्ता. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले ते याच सोयीसाठी: कनेक्शन कोणाचेही असो, पेटी तीच. २०१३ मध्ये हॉटमेलचे नाव जाऊन आउटलुक आले, तरी जुने पत्ते चालतात. मात्र हेही घर दुसऱ्याचेच. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

पक्का उपाय म्हणजे चिन्हाच्या पलीकडचे नावही आपलेच घेणे. त्याला डोमेन म्हणतात. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास भरून ते नोंदवता येते. पत्रपेटीचा खर्च वेगळा. या नोंदीत एक ओळ असते: ‘या नावाची पत्रे अमुक टपालघरात द्यावीत.’ सेवा बदलली की तेवढी ओळ बदलायची. जगाला कळवावे लागत नाही. पण मुदत चुकवू नका. नूतनीकरण राहिले तर ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. आणि मुदतीची सूचना त्याच पत्त्यावर मागवू नका. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखे होईल.

पत्ता बदलायचाच असेल तर जुना आणि नवा काही महिने सोबत चालवा. बँक, पेन्शन, विमा आणि आयकर यांना आधी कळवा. जुनी पत्रे उतरवून घ्या. जुन्या पत्त्यावर नवे काहीच येईनासे झाले की मगच कुलूप लावा.

आणखी एक. मित्राची ती दोन पत्रे त्याच्या पेटीत नक्की असतील. पण तिचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नाही. मी आता माझ्या नावाचा पत्ता घेतला आहे. नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, बायकोच्या समोर कपाटात ठेवले आहे. शेतीच्या सात-बाराशेजारी.