पॉवर हाऊसची भूक आणि गुडघ्याची खपली

ये, बस इथं ओट्यावर. पाय लांब कर, बघू गुडघा. साबणाच्या पाण्यानं धुतलास ना? मग आता हात लावू नकोस.

सकाळी तू विचारलंस, "आजोबा, दीपनगरचं पॉवर हाऊस जिवंत आहे का?" तुझी ताई हसली. मला हसू आलं नाही. बॉयलरच्या मजल्यांवर माझी सारी नोकरी गेली, आणि रात्रपाळीत तो घुमत असताना हाच प्रश्न मलाही पडायचा.

तुझ्या पुस्तकातली सजीवांची लक्षणं त्याला लावून बघ. खातो? ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला की तासाला तीनशे टनांहून जास्त कोळसा लागतो. म्हणजे मालगाडीचे पाच भरलेले डबे, दर तासाला. असे दोन संच आहेत आपल्याकडे. आणि अख्खे दगड नाही खात हं, मिलमध्ये दळून पिठासारखी पूड करूनच खातो. तापीचं पाणी पितो. मोठमोठ्या पंख्यांनी हवा आत ओढतो, धुरांड्यातून धूर सोडतो, खाली राख टाकतो. अंगात ५४० अंशांची वाफ, आणि त्या वाफेवर टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. कुणी डिवचलं तर कळतं का त्याला? तेही कळतं. सगळीकडच्या शेतांत एकदम मोटरी सुरू झाल्या की टर्बाइनचा वेग केसभर उतरतो. गव्हर्नर तो ओळखतो आणि वाफेची झडप आणखी उघडतो.

मोठं माणूस नुसतं शांत बसलं तरी त्याच्या अंगातून शंभरेक वॉट उष्णता बाहेर पडत असते, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. त्या हिशेबानं एक संच म्हणजे पन्नास लाख माणसं! आता सांग, एवढा खाणारा, पिणारा, धापा टाकणारा प्राणी मेलेला कसा म्हणायचा?

आता तुझा गुडघा बघ. तू पडलास तेव्हा रक्त आलं, आणि थोड्या वेळात थांबलं. रक्तातल्या बिंबिका जखमेवर चिकटल्या, बारीक धाग्यांची जाळी विणली गेली, ती वाळून खपली झाली. खपलीखाली जखमेच्या काठच्या पेशी आत्ता, या क्षणी, एकीच्या दोन होत मध्याकडे सरकताहेत. तू त्यांना सांगितलंस का? वेल्डर बोलावलास?

बॉयलरमध्ये किलोमीटरच्या किलोमीटर नळ्या असतात. कोळशाच्या कुठल्याही वीज केंद्रात एखादी नळी फुटली, की संच बंद करायचा, भट्टी निववायची, मग माणसं आत शिरून तेवढा तुकडा कापतात आणि नवा जोडतात. तो तुकडा कारखान्यात बनलेला असतो. बॉयलरनं इतका कोळसा खाल्ला, पण त्यातून स्वतःसाठी बोटभर नळी कधी घडवली नाही. त्याची जवळजवळ सगळी कमाई तारांवरून बाहेर जाते. तू सकाळी खाल्लेली कळण्याची भाकरी मात्र आधी तूच होते. तुझ्या लाल पेशी साधारण चार महिने जगतात, आणि त्यांच्या जागी सेकंदाला लाखो नव्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. म्हणजे गेल्या दिवाळीतली तुझी एकही लाल पेशी आता उरलेली नाही, तरी तू तूच आहेस. मला इतक्या वर्षांत सापडलेला फरक हा एवढाच, बेटा. यंत्र दुसऱ्यासाठी माल काढतं. जिवाचा पहिला माल तो जीव स्वतः.

मग चूल? जाळ पसरतो, एका जाळाचे दहा होतात. बरोबर आहे तुझं. पण तुरीच्या काठ्यांवरचा जाळ गॅसला लावला की तो गॅसचा निळा जाळ होतो, मूळ जाळाचं त्याच्यात काही उरत नाही. केळीचं तसं नाही. आपल्या खोडाच्या बुडाशी फुटलेलं पिल आईच्या कंदातून निघतं आणि आईचीच कृती घेऊन निघतं. आई घड देऊन मरते, पिल पुन्हा तशीच केळी घडवतं. रावेर-यावलकडच्या बागांमधल्या कित्येक केळी अशा एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी आल्या आहेत. हल्ली टिश्यूकल्चरची रोपंही त्याच कोंबातल्या पेशींपासून वाढवतात.

जिवंत आणि निर्जीव यांच्या काठावर बसलेलं एक मात्र आहे, आणि ते केळीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. सीएमव्ही, काकडीचा मोझॅक विषाणू. मावा तो पानात सोडतो, पान पिवळ्या पट्ट्यांनी भरतं, आणि शेतकऱ्याला पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं उपटावी लागतात. हा विषाणू बाहेर नुसता पडून असतो. खात नाही, श्वास घेत नाही, डागडुजी करत नाही. १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या अशाच विषाणूचे स्फटिक बनवले, बाटलीत भरून ठेवता येतील असे. पण केळीच्या पेशीत शिरला की तिच्याच भट्टीवर स्वतःची कृती शिजवून घेतो. कृती आहे, स्वयंपाकघर नाही. त्याला जिवंत म्हणावं का, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. मला विचारशील तर मी त्याला आत घेत नाही.

आणि तो कोळसा, जो आपण मेलेला म्हणतो? आपल्याकडचा बहुतेक कोळसा पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुन्या दलदलीतला आहे. तिथं ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं होती, जिभेसारख्या पानांची. तीही खोड घडवत, पान गळलं की दुसरं आणत. हातात कोळसा धरला की मला अजून त्यांची आठवण येते.

चल, उठ. कोयता आण, धार सांभाळ. हे केळीचं पिल मी कमरेएवढ्या उंचीवर आडवं कापतो. बघ, आत कांद्यासारखे गोल पदर, आणि मधोमध गुंडाळलेला पोंगा. आत्ता सगळं एका पातळीत सपाट आहे. बोट फिरवून बघ. आता जेवून ये, आणि येताना टॉर्च आण.

आलास? धर उजेड. पदर जागच्या जागी आहेत, आणि मधला पोंगा थोडा वर आलाय.

खपली खाजवू नकोस म्हटलं ना.